बीकॉम का बीबीए ते नंतर बघू, आधी शंभर पानी वही घ्या

बारावीचा निकाल लागला की माझा फोन दोन आठवडे गरम असतो. औशाकडची, निलंग्याकडची, आत्याची, मावशीची, गावातल्या कुणाच्या तरी मेव्हण्याची पोरं, आणि प्रश्न सगळ्यांचा एकच, दादा बिझनेस लाईनला जायचंय, बीकॉम करू का बीबीए? त्यातली निम्मी नीटचे दोन ड्रॉप मारून आलेली असतात, घरचे दमलेले, पोरगं दमलेलं. मी स्वतः लातूरला बीकॉम केलं, आता एका डाळ मिलची खरेदी आणि हिशोब बघतो, बाजूला दोन शेतकरी कंपन्यांची, म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून काढलेल्या कंपन्यांची, कागदपत्रं सांभाळतो, म्हणजे मी काही फार मोठा माणूस नाही, पण भरतीच्या वेळी समोर बसून पोरांना प्रश्न विचारायचं काम माझ्याकडं असतं आणि पोरं कुठं अडकतात ते मला दिसतं. दरवेळी फोनवर तेच तेच सांगायला लागतंय म्हणून एकदाच लिहून टाकायलो.

माझं म्हणणं एवढंच की तीन वर्षं संपताना तुमच्या हातात मार्कमेमोसोबत एक खरा हिशोब पाहिजे. खऱ्या पैशाचा, खऱ्या मालाचा, तुमच्या अक्षरात लिहिलेला. कॉलेजातले विषय त्या हिशोबाला कामाला येतील असे निवडायचे. बहुतेक जण उलटं करतात, तीन वर्षं विषय पास करत बसतात आणि शेवटच्या सेमिस्टरला "आता अनुभव कुठून आणू" म्हणून पळायला लागतात.

तर डिग्रीचं आधी उरकून टाकू. बीकॉम स्वस्त आहे, कॉलेज तालुक्याला पण मिळतं, अकाउंट्स भरपूर असतं, आणि बहुतेक ठिकाणी सायन्सच्या पोरांना पण प्रवेश मिळतो, प्रॉस्पेक्टस बघून घ्या. बीबीएमध्ये मॅनेजमेंटचे विषय जास्त, प्रेझेंटेशन वगैरे करून घेतात, फी जास्त. २०२४ पासून बीबीए-बीसीए एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, कक्षेत गेलं आणि महाराष्ट्रात त्याला सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा लागली, ती न देता जूनमध्ये उगवणारी पोरं दरवर्षी असतात. काही कॉलेजांनी कोर्सचं नावच बदलून टाकलं म्हणजे सीईटीची भानगड नको, तेव्हा नावापेक्षा आतले विषय वाचा. बीएस्सी ॲग्री, बीए इकॉनॉमिक्स, अगदी बीएस्सी मॅथ्सवाल्यांनी पण घाबरायचं कारण नाही, एमबीएला कुठलीही डिग्री चालते, कॅटला, म्हणजे आयआयएमच्या प्रवेश परीक्षेला, पदवीला ५० टक्के लागतात आणि एससी, एसटी, दिव्यांगांना ४५. मुलींसाठी एक गोष्ट ठळक सांगतो, २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना घरचं उत्पन्न आठ लाखाच्या आत असेल तर व्यावसायिक कोर्सची ट्युशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की गेलं. तुमचा कोर्स यादीत आहे का ते ॲडमिशनच्या आधी बघा. आणि उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमिलेअर, हे मे महिन्यातच काढून ठेवा, जुलैत तहसीलला कशी लाईन असते माहीतच आहे.

झालं. डिग्रीवर यापेक्षा जास्त डोकं घालवू नका.

टाईमटेबलमधली मोकळी जागा

आता नवीन शैक्षणिक धोरणामुळं प्रत्येक सेमिस्टरला साधारण २२ क्रेडिट, म्हणजे अभ्यासाचे गुणांक, असतात. लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली असाल तर स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ, संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव असाल तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, ढाचा दोन्हीकडं तोच. मेजर म्हणजे मुख्य विषय ठरलेला, पण मायनर म्हणजे जोडविषय, ओपन इलेक्टिव्ह आणि स्किलचे कोर्स यात थोडं तुमच्या हातात असतं. आणि इथंच घोळ होतो. फॉर्म भरायच्या दिवशी पोरं मित्राला विचारतात "तू काय घेतलंस", मित्र म्हणतो ते सोपं आहे, सर मार्क सोडतात, संपलं.

मी काय घ्यायला सांगेन, तर मायनर म्हणून स्टॅटिस्टिक्स किंवा कॉम्प्युटर किंवा इकॉनॉमिक्स, कॉलेजमध्ये जे खरंच शिकवतात ते. खरंच शिकवतात का ते सेकंड इयरच्या पोरांना चहा पाजून विचारा. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेचं घ्यावं लागतं, तिथं कॉमर्सवाल्यांनी शेतीशी संबंधित किंवा लिखाणाचं काही मिळत असेल तर डोळे झाकून घ्या, कारण इथं तुम्ही कुठल्याही धंद्यात गेलात तरी गिऱ्हाईक शेतकरी किंवा शेतकऱ्याचं पोरगं आहे. आणि ॲग्रीवाल्यांनी अकाउंट्स. हे मिळत नसेल तर स्वयम् पोर्टल आहे, सरकारी, फुकट, आयआयएम बंगळुरूचे कोर्स पण त्यावर असतात, परीक्षेची फी तेवढी लागते. त्याचे क्रेडिट डिग्रीत धरता येतात पण आधी कॉलेजची मंजुरी घ्या, कोर्स झाल्यावर गेलात तर ऑफिसमधले भाऊसाहेब नियमावर बोट ठेवणार.

अकाउंट्स मात्र कुणीच सोडू नका. मार्केटिंगला जायचंय म्हणून अकाउंट्स नको म्हणणारी पोरं येतात, त्यांना मी विचारतो, तुम्ही गिऱ्हाइकाला दोन टक्के डिस्काउंट दिला आणि मार्जिनच तीन टक्के होतं तर मालकाच्या हातात काय राहिलं? गप्प बसतात. लॉच्या पेपरमधलं पण निवडून सांगतो, १९३२ चा भागीदारी कायदा नीट वाचा. आपल्याकडं दोन भाऊ, दोन मित्र मिळून दुकान टाकतात, कागद करत नाहीत, आणि नोंदणी नसलेल्या फर्मला येणं वसूल करायला कोर्टात दावा लावता येत नाही हे भांडण झाल्यावर कळतं. आणि चेक बाऊन्सचं कलम १३८, बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, मग समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस. हे पाच मार्काचं उत्तर म्हणून पाठ करू नका, मी तीसावा दिवस हुकलेला माणूस जवळून बघितलाय, रक्कम सांगत नाही.

पहिलं वर्ष: नुसतं बघायचं

पहिल्या वर्षी काही धंदा करायचा नाही. फक्त शंभर पानी वही घ्यायची आणि बाजारात जायचं. लातूरची पोरं नशीबवान, गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि प्रत्येक रस्त्यावर वेगळा धंदा आहे, मार्केट यार्ड जवळ आहे. वसमतकडं असाल तर हळद आहे, जालन्यात स्टील आहे, बियाणं आहे, मोसंबी आहे, संभाजीनगरला वाळूज, शेंद्र्याचे कारखाने आहेत. तुमच्या गावात काहीच नसेल तर आठवडी बाजार तरी आहेच की.

बघायचं म्हणजे काय ते एका उदाहरणानं सांगतो. घरी वडिलांकडं आडतीची पट्टी असेल, सोयाबीन घातल्यावर मिळते ती. ती मागून घ्या. किती कट्टे, वजन किती, भाव किती, हमाली किती, तोलाई किती, खाली हातात किती. एवढं सगळ्यांना वाचता येतं. आता ओलाव्यावर या. समजा मशीनवर ओलावा १४ आला आणि चालतो १२. भाव क्विंटलला ४४०० चालू आहे आणि व्यापारी म्हणाला ओला आहे, तीनशे कमी. बरोबर का चूक? इथं कागद काढा. १४ टक्के ओलाव्याच्या १०० किलोत कोरडा माल ८६ किलो. तोच माल १२ वर वाळवला तर ८६ भागिले ०.८८, म्हणजे ९७.७ किलो भरेल. घट सव्वादोन किलोची, ४४ रुपये किलोनं बरोबर शंभर रुपये. वाळवायची मजुरी आणि जागा धरून अजून तीस-चाळीस जोडा. म्हणजे दीडशेपर्यंत कट समजू शकतो, तीनशेचा अर्थ व्यापाऱ्यानं घट सोडून अजून काहीतरी त्यात धरलंय, कदाचित माल खराब होण्याची भीती, कदाचित पुढं भाव पडेल याचा अंदाज, कदाचित नुसती तुमची गरज. यातलं कुठलं ते शोधायला लागलात की तुमचा बिझनेसचा अभ्यास सुरू झाला. मी हे गणित बीकॉमच्या पहिल्या वर्षी नाही, मिलमध्ये लागल्यावर दुसऱ्या महिन्यात शिकलो, आणि आमच्या आप्पांनी, म्हणजे मिलच्या मालकांनी, ते तोंडी तीन सेकंदात करून दाखवलं, ते पण सातवी शिकलेले.

दुसरं बघायचं ते तुमच्या मेसमध्ये. लातूर-नांदेडला क्लासेसच्या जिवावर किती मेस, होस्टेल, अभ्यासिका चालतात, आपण रोज जेवतो आणि एकदाही विचार करत नाही की या काकूंना उरतंय काय. समजा साठ पोरं, महिना २८००, म्हणजे १ लाख ६८ हजार आले. किराणा, माळवं, दूध मिळून ८५ हजार, गॅस १२ हजार, हे पोरांवर कमी जास्त होतं. पोळ्यावाल्या दोन बायकांचा पगार २४ हजार, जागेचं भाडं १५, लाईट-पाणी ५, हे ४४ हजार पोरं आली काय, गेली काय, द्यायचेच. उरले २७ हजार. बरं वाटतं ना? आता मे महिना घ्या, परीक्षा संपली, पोरं गावाकडं, राहिली पंचवीस. एका पोरामागं किराणा आणि गॅस जाऊन काकूंना ११८३ रुपये सुटतात, पंचवीसचे झाले साडेएकोणतीस हजार, आणि द्यायचे आहेत ४४. साडेचौदा हजार घरातून. ४४ हजाराला ११८३ नं भागा, ३८ पोरं आली की मेस ना नफा ना तोटा. याला पुस्तकात ब्रेक इव्हन म्हणतात, तिसऱ्या-चौथ्या सेमिस्टरला येतं, सर फळ्यावर एक्स कंपनी वाय प्रॉडक्ट घेऊन शिकवतात आणि कुणाच्या डोक्यात राहत नाही. मे महिन्यात मेसवाल्या काकूंची चिडचिड का वाढते ते माझ्या तेव्हा लक्षात आलं. (आकडे मी समजायला धरलेत, तुमच्या मेसचे तुम्ही विचारा, पण हिशोब विचारायच्या आधी महिन्याचे पैसे वेळेवर द्या.)

वहीत आठवड्याला एक असा हिशोब. पानटपरी, झेरॉक्स, काळीपिवळी, मावशीचा बचत गट. मुलींना घरून यार्डात जायला परवानगी मिळत नाही हे मला माहीत आहे, दोन भाच्या आहेत. त्यांना मी बचत गटाचं रजिस्टर लिहायला लावलं. एकीच्या गटात कुरडया-पापड करतात, तिनं पहिल्यांदा गव्हाचा चीक पाडण्यापासून बायकांच्या कामाचे तास मोजले तर कळलं किलोमागं मजुरी कुणीच धरलेली नाही, नफा म्हणून जो वाटून घेतात ती त्यांचीच मजुरी. भाव वाढवला. दोन गिऱ्हाइकं तुटली, बाकीची राहिली. ती पोरगी आता बीकॉम दुसऱ्या वर्षाला आहे आणि कॉस्टिंगच्या पेपरला तिला कुणी शिकवायची गरज नाही.

दुसरं वर्ष: थोडे पैसे घालवायचे

घालवायचे म्हणलं तर घरचे मारतील, पण खरं तेच आहे. दुसऱ्या वर्षी पाच-सात हजारात काहीतरी विकून बघा. कर्ज काढून नाही, कुणाकडून उसने घेऊन नाही, गेले तर झोप लागेल एवढेच.

आमचं सांगतो. मी आणि माझा रूम पार्टनर, दोघांनी सात-सात हजार काढले, रात्रीच्या बसनं हैदराबादला बेगम बाजारात गेलो आणि १२ हजार ४०० च्या राख्या घेऊन आलो. जाण्यायेण्याचे, खाण्याचे १६०० गेले. सहा दिवस टेबल लावला, जागेचे दिवसाला दोनशे. राखी पौर्णिमेच्या रात्री गल्ला मोजला, १३ हजार ९००. आम्ही खूश, दीड हजार नफा, रात्री दोघंच बिर्याणी खाऊन आलो. चार दिवसांनी पार्टनरनं सहज विचारलं, बसचे पैसे कुणी धरले? मग टेबलाचे १२०० आठवले. बसून मांडलं तर १३०० चा तोटा, बिर्याणी वेगळी. आणि कॉटखाली एक खोकं राख्या शिल्लक, ज्यांची किंमत पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शून्य झाली होती. पुढच्या वर्षी विकू म्हणून ठेवल्या, डिझाईन जुनं झालं, शेवटी बहिणीच्या शाळेत हस्तकलेला दिल्या.

पण मिलच्या मुलाखतीला आप्पांनी विचारलं, काय येतं तुला, तेव्हा मी टक्केवारी न सांगता हे सांगितलं, वहीचं पान दाखवलं. त्यांनी एकच विचारलं, परत केलं असतंस तर माल किती आणला असतास? मी म्हणलं आठ हजाराचा, आणि शेवटच्या दिवशी दुपारी चारनंतर खरेदीच्या भावात सोडला असता. सोमवारपासून ये म्हणाले.

तुम्ही राख्याच आणा असं नाही. पण नाशवंत किंवा सणाचा माल घ्या, कारण त्यात चूक आठवड्यात कळते. आणि उधारी देऊन बघा, मुद्दाम. पाच जणांना द्या, तारीख लिहा, वसूल करा. मित्राकडून तीनशे रुपये परत मागताना जी जीभ अडखळते ती पुढं तीन लाख मागताना पण अडखळते, मी रोज बघतो. आमच्या धंद्यात तूर रोखीनं घ्यावी लागते आणि डाळ महिन्याच्या उधारीवर जाते, मधले तीस दिवस मिल कुणाच्या पैशावर चालते हा एकच प्रश्न आहे, बाकी सगळं मशीन करते. त्यासाठी एक नियम आत्ताच माहीत करून घ्या, उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर घेणाऱ्याला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत इन्कम टॅक्समध्ये धरता येत नाही. १९६१ च्या इन्कम टॅक्स कायद्यातलं कलम ४३बी(एच). मुलाखतीत हे एक वाक्य नीट समजावून सांगितलंत तर समोरचा माणूस खुर्ची पुढं ओढतो.

याच वर्षी एक्सेल आणि टॅली, म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर. एक्सेलमध्ये व्हीलुकअप, पिव्होट, आणि साधं सॉर्ट-फिल्टर हात न थांबता आलं पाहिजे. टॅलीचा तीन महिन्यांचा क्लास लावा पण क्लासमध्ये दिलेल्या खोट्या कंपनीवर थांबू नका, तुमच्या वहीतल्या राख्यांचा धंदा टॅलीत टाका. जीएसटीचं पोर्टल, ई-वे बिल (राज्याबाहेर जाणाऱ्या ५० हजारावरच्या आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखावरच्या मालाला), इनपुट क्रेडिट म्हणजे काय, हे तालुक्याच्या एखाद्या टॅक्स कन्सल्टंटकडं संध्याकाळी दोन तास बसलात तर सहा महिन्यांत येतं. ११ आणि २० तारखेच्या आधी गेलात तर ते तुम्हाला नको म्हणणारच नाहीत, रिटर्नच्या गर्दीत त्यांना हात हवे असतात.

ओजेटीचं सर्टिफिकेट विकत घेऊ नका

डिग्रीत आता ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आहे, त्याला चार क्रेडिट. आणि लगेच बाजार उभा राहिला, पाचशे-हजार रुपयात सही-शिक्का. घेणाऱ्यांना मी काय बोलू, पण मुलाखतीत मी तिसरा प्रश्न विचारला की कळतं. तिथं दिवसाची पहिली कामाची गोष्ट कोणती असायची? पोरगं छताकडं बघायला लागतं.

माझंही काही फार भारी नव्हतं. मी एका एमआयडीसीतल्या कंपनीत दीड महिना गेलो, फायली लावल्या, झेरॉक्स काढल्या, साहेबांचा चहा सांगितला. कंपनीनं शिकवलं नाही हे खरं, पण मी पण कधी स्टोअरमध्ये जाऊन विचारलं नाही की हा माल आत कसा येतो.

तेव्हा जागा निवडताना मोठं नाव बघू नका, सीझन बघा. उन्हाळ्याच्या सुट्टीत जून धरून कृषी सेवा केंद्रात उभं राहा. पेरणीच्या तोंडावर पंधरा दिवसांत दुकानदार जो माल हलवतो, कुठल्या बियाण्याची मागणी, कुणाला दिवाळीपर्यंत उधार, कुणाला नाही, कंपनीचा माणूस येऊन काय स्कीम देतो, तेवढं मार्केटिंगच्या दोन पेपरमध्ये नाही. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन, जानेवारी-फेब्रुवारीत तूर, उन्हाळ्यात हळद. फायनान्सकडं जायचं तर सीएचं ऑफिस, एप्रिल ते जुलै. कारखान्याकडं जायचं तर वाळूज-शेंद्र्याच्या मोठ्या कंपनीपेक्षा तिला पार्ट पुरवणारा छोटा व्हेंडर बरा, तिथं खरेदी, हिशोब, डिस्पॅच सगळं एकाच टेबलावर असतं आणि मालक स्वतः ओरडतो. शेतकरी कंपनी पण चांगली, फक्त चालू असलेली बघा, कागदावरच्या बक्कळ आहेत.

मागायचं कसं? मेल करू नका, इथं मेल कुणी वाचत नाही. स्वतः जा, गर्दी नसताना, आणि इंटर्नशिप हा शब्द पहिल्या वाक्यात नको. "शेठ, मी अमक्याचा मुलगा, बीकॉमला आहे, दीड महिना सकाळी दुकानात येतो, पगार नको, जावक रजिस्टर माझ्याकडं द्या." नेमकं एक काम मागा. शिकायचंय म्हणलं की समोरच्याला वाटतं आता याला सांभाळत बसावं लागणार. पहिला आठवडा ते तुम्हाला नुसते उभे करतील, उभे राहा. आणि तिथले भाव, गिऱ्हाइकांची नावं बाहेर मित्रांना सांगितलीत तर परत त्या गल्लीत पाय ठेवू नका, बाजारात हे संध्याकाळच्या आत कळतं.

तिसरं वर्ष आणि पुढचं

सीए करायचं असेल तर तिसऱ्या वर्षाची वाट बघू नका, बारावीनंतर लगेच फाउंडेशन, किंवा पदवीनंतर थेट इंटरमीजिएट, त्याला कॉमर्सला ५५ टक्के, बाकीच्यांना ६० लागतात. म्हणजे बीकॉमला ५३ टक्के घेऊन "मी डायरेक्ट एंट्रीनं करतो" म्हणणाऱ्यांनी आधी आपला मेमो बघावा. आर्टिकलशिप आता दोन वर्षांची आहे. पण सीए हा मान म्हणून करू नका, आकड्यांत बसून कंटाळा येत नसेल तर करा.

एमबीएबद्दल माझं मत थोडं कडू आहे. पदवी झाली, नोकरी नाही, घरी बसण्यापेक्षा जवळच्या कॉलेजात एमबीए, यात दोन वर्षं आणि दोन-अडीच लाख जातात आणि परत तिथंच येऊन उभं राहतात. करायचं तर चांगल्या ठिकाणी. एमबीएच्या सीईटीला आतापर्यंत २०० प्रश्न, अडीच तास, निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे तो वेगाचा पेपर आहे, पाचव्या सेमिस्टरपासून रोज एक तास दिला तर मराठी मीडियमच्या पोराला पण जमतो, आणि मुंबईचं जमनालाल बजाज मॅनेजमेंट कॉलेज त्याच सीईटीच्या मार्कांवर प्रवेश देतं. कॅट नोव्हेंबरच्या शेवटी असते आणि आपल्या सेमिस्टरच्या परीक्षा पण तेव्हाच असतात, म्हणून अभ्यास उन्हाळ्यातच पुढं काढा. पहिल्या झटक्यात चांगलं नाही मिळालं तर एक-दोन वर्षं नोकरी करा आणि परत द्या, मुलाखतीला तेव्हा बोलायला काहीतरी असतं.

इंग्रजीचं भूत सगळ्यांच्याच मानगुटीवर असतं. फाडफाड बोलायचा क्लास लावू नका. रोज एक धंद्याचं पत्र लिहा, चार ओळींचं, माल कमी आला, बिलात चूक आहे, पेमेंटची आठवण. सहा महिन्यांत हात बसतो, आणि कामाला नव्वद टक्के तेच लागतं. हिंदी आपल्याकडं आहेच, दख्खनी वळणाची का असेना, इंदूरच्या व्यापाऱ्याला फोनवर ती चालते. उदगीर-देगलूरकडच्या पोरांना कानडी-तेलुगू कानावर असतं आणि ती लाजून सांगत नाहीत, अरे बायोडाटात लिहा ते, हैदराबाद-बिदरचा माल बघणाऱ्या माणसाला त्याचे पगारात पैसे मिळतात.

आणि सरकारी योजनेतून कर्ज काढून लगेच धंदा टाकू का, हा प्रश्न पण येतो. पीएमईजीपीत, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती योजनेत, ग्रामीण भागाला २५ ते ३५ टक्के सबसिडी आहे, छोट्या धंद्याला मुद्रा कर्ज आहे, सगळं खरं. पण सबसिडीसाठी धंदा शोधणारे आणि धंद्यासाठी सबसिडी शोधणारे यात बँकेचा मॅनेजर पाच मिनिटांत फरक ओळखतो. प्रोजेक्ट रिपोर्ट एजंटाकडून बनवून नेलात आणि त्यानं विचारलं की कच्चा माल कुठून घेणार, तर तुमच्या वहीतलं पान कामाला येईल, एजंटाचं नाही.

पहिल्या दिवशी बाजारात जाताना काय न्यायचं असं मागच्या महिन्यात एका पोरानं विचारलं म्हणून ते पण लिहितो. वही, पेन, पाण्याची बाटली, वडिलांच्या आडत्याचं नाव. मोबाईल खिशात ठेवा, फोटो विचारल्याशिवाय काढू नका, सौदा चालू असताना मधे बोलू नका. हमालांना दादा-मामा म्हणा, त्यांना भावाचं सगळ्यात आधी कळतं. पांढरे बूट घालून जाऊ नका.